आप्पांच्या बंदुकीचा झिरो

मला बघायला आले तेव्हा आप्पांनी मला धड बघितलंच नाही. त्यांनी आमचा वजनकाटा बघितला.

आई तेव्हा घरीच शेंगाचटणी कुटून विकायची. पाहुणे येणार म्हणून तिनं सगळा पसारा बाहेरच्या खोलीतून उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेला होता. बाहेर मुलगा, म्हणजे आता माझा नवरा प्रकाश, मान खाली घालून पोहे खात होता. त्याचे मामा मला "भाकरी थापता येते का" वगैरे विचारत होते. आणि होणारे सासरे पोह्यांची बशी हातात घेऊन घरभर हिंडत होते! हिंडत हिंडत ते ओट्यापाशी पोचले, खांद्याच्या पिशवीतून एक पितळी वजन काढलं आणि सरळ आमच्या काट्यावर ठेवलं.

"बाई, ह्यो काटा रोज हितंच असतो का?"

"नाही हो, बाहेर असतो. तुम्ही येणार म्हणून सकाळी आत आणला," आई म्हणाली.

"आणल्यावर तपासला?"

"त्यात काय तपासायचं? काल तर बरोबर होता."

"काल बरोबर व्हता म्हंजे आज बरोबर हाय, हे कुणी सांगितलं तुमाला? ओटा उतरता हाय. काट्याचा एक पाय हवेत हाय, बघा की. सकाळपास्नं गिऱ्हाइकाला जादा चटणी देताय तुमी."

आई आधी चिडली, मग घाबरली. "जादाच ना? कमी तर नाही गेली कुणाला?"

"जादा बी चूकच की," आप्पा म्हणाले आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून, काटा जाग्यावर आणूनच बाहेर आले. निघताना दारात त्यांनी निकाल दिला, "पोरगी पसंत हाय." मला एक शब्द विचारला नव्हता. ते गेल्यावर आई म्हणाली, "लग्न पोराशी करायचंय, बापाशी नाही, एवढं नशीब समज." तिला काय माहीत, त्या घरात माझं सगळ्यात जास्त भांडण आणि सगळ्यात जास्त पटणं त्या बापाशीच होणार होतं ते.

आप्पा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मूळचे वेळापूरकडचे, पण नोकरीनं सगळा जिल्हा तुडवलेला. केमच्या बाजारात आप्पा उतरले की अर्धे व्यापारी काटा झाकून जेवायला जातात, असं ते स्वतःच खुशीत सांगायचे. काटा एका जागेवरून उचलून दुसरीकडे मांडला, की त्यावर सरकारी शिक्का असला तरी तो पुन्हा तपासायचा, हा त्यांच्या खात्यातला नियम. नोकरी संपली तरी तो त्यांच्या अंगातून गेला नाही. आणि त्यांनी तो काट्यापुरता ठेवलाच नाही. कुठंही मुक्कामाला गेलो की पिशव्या खाली ठेवायच्या आधी आप्पा तिथलं घड्याळ, दाराची कडी, गॅसचं बटण आणि पाण्याची मोटर तपासून यायचे. रक्तदाब मोजायचं मशीन घेतलं, तर ते काखोटीला मारून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांच्या मशीनशी ताडून आले. दोन्ही मशीन सारखी आहेत हे सगळ्या गल्लीला सांगितलं. स्वतःचा रक्तदाब किती निघाला, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही.

"तितलं तितं ऱ्हायलं," ते म्हणायचे. "हितं आलं की हितलं बघायचं."

बूड टेकवणं हा प्रकार त्यांच्याकडं नव्हता. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. जेवायला बसले तरी दोन घासांमध्ये एकदा उठून गेट लावलंय का बघून यायचे. सोलापूरचं ऊन असं, की एप्रिलमध्ये भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तेव्हा हा माणूस टोपी घालून गच्चीवर पाण्याची टाकी किती तापली ते बघायला जाणार. सासूबाई असताना त्या म्हणायच्या, "ह्यांच्या तळपायाला भिंगरी बांधून पाठवलंय देवानं." आणि हा अस्वस्थपणा लागट होता. आप्पा घरात असले की मलाही उगाच वाटायचं, काहीतरी उघडं राहिलंय, काहीतरी उतू जातंय. मी चिडायचे, त्यांना बसा म्हणून ओरडायचे आणि स्वतःच उठून बघून यायचे. आप्पा गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. जेवताना पाठीमागं कुणी येरझारा घालत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

त्यांचा खरा जीव होता बंदुकीत. वडिलांच्या वेळचा शेतीरक्षणाचा परवाना होता, तो त्यांच्या नावावर झाला. त्यावर एक जुनी रायफल. घरात सगळे तिला बंदूकच म्हणायचे. मी कॉलेजात एनसीसीत होते, त्यामुळे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "आप्पा, ही बंदूक नाही, रायफल आहे." आप्पा येरझारा थांबवून माझ्याकडं बघत राहिले. प्रकाश दिवाळीत फुलबाजीसुद्धा लांबून धरतो. घरात कुणीतरी आपल्या जातीचं आलं, असं त्यांना वाटलं असावं. परवान्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीनं शस्त्र बाळगायची मुभा असलेलं माणूस म्हणून, माझं नाव घालायला त्यांनी कलेक्टर कचेरीत इतके हेलपाटे घातले, की शेवटी तिथला क्लार्क म्हणाला, "साहेब, तुम्ही रोज येण्यापेक्षा मीच काम करून टाकतो."

पीक नासणाऱ्या रानडुकरांना मारायची परवानगी वनखातं देतं, तेव्हा अशा परवान्याच्या लोकांना बोलावणं येतं. आप्पांना कुठून कुठून यायचं. कधी करमाळ्याच्या उसात, कधी अक्कलकोटच्या सीमेवर, कधी पार घाटात. मी बरोबर जायचे, पण जनावरावर मी कधी गोळी झाडली नाही आणि त्यांनीही कधी झाड म्हटलं नाही. माझं काम कागदावर. कारण गावात पोचल्यावर आप्पा सगळ्यात आधी झिरो बघायचे. म्हणजे असं, की नेम धरला तिथंच गोळी जाते का, हे ठरलेल्या अंतरावर कागद लावून तपासायचं. जात नसेल तर नळीच्या टोकावरची माशी, ज्यावरून नेम धरतात ती, कणभर सरकवायची. रीतसर वर्दी द्यायची, मागं मातीचा उंच बांध बघायचा, गव्हाचं पोतं आडवं टाकून त्यावर रायफल टेकवायची आणि तीन गोळ्या. कागद म्हणून लग्नपत्रिका. घरात पत्रिका आली की सासूबाई तारीख बघायच्या आणि आप्पा जाडी बघायचे. मागच्या कोऱ्या बाजूला डबीचं झाकण ठेवून काळा गोल काढायचा. कितीतरी जोडप्यांच्या शुभविवाहाला आम्ही अशी भोकं पाडलेली आहेत.

"प्रवासात बंदुकीला बी हिसके बसत्यात," ते मला शिकवताना म्हणायचे. "हवा बदलती, लाकूड पाणी पितं, इस्क्रू ढिला हुतो. घरनं निघताना बरोबर व्हती, ह्याला काय अर्थ न्हाय. आन् एक ध्यानात ठेव. तिन्ही गोळ्या एका जागी पडल्या पण भलतीकडं पडल्या, तर बंदूक हललीय. गोळ्या उधळल्या, तर माणूस हललाय."

गावकऱ्यांचा ह्या सोपस्कारावर फार राग असायचा. डुक्कर समोर दिसतंय आणि हा म्हातारा पत्रिकेवर झाकण ठेवून गोल काढतोय! पण आप्पा कुणाच्या बापाला ऐकायचे नाहीत. साताऱ्याकडं निकम म्हणून एक तरुण नेमबाज होता. त्याच्या रायफलीवर महागडी दुर्बीण होती. त्याचं नाव काढलं की आप्पा फुरफुरायचे, "दुर्बीण लावल्यावर म्हस बी नेम मारंल. त्यात काय?" निकम आणि ते एकदा समोरासमोर आले, तेव्हा आप्पांनी त्याला नमस्कारसुद्धा केला नाही. मलाच लाज वाटली.

मग एका वर्षी ऑक्टोबरात जावळीच्या डोंगरातल्या एका गावाहून फोन आला. लक्ष्मण नावाच्या शेतकऱ्याचा. भात कापणीला आलेलं आणि एक मोठं डुक्कर शेतात घुसत होतं. नुसतं पीक नाही, गवत कापायला गेलेल्या त्याच्या आईला त्यानं धडक देऊन मांडी फाडली होती. ती साताऱ्याला दवाखान्यात होती. गावातली माणसं शेताकडं जायला तयार नव्हती. वनखात्याची परवानगी आप्पांच्या नावावर झाली होती.

सोलापुरात ऑक्टोबरची काहिली होती. आप्पांनी स्वतः गाडी काढली. मी म्हटलं, "आप्पा, मी चालवते, तुम्ही आराम करा." तर म्हणाले, "आराम करायला मी काय बाळंत झालोय?" पंढरपूर, वेळापूर, माळशिरस, फलटण असं करत निघालो. पण त्या दिवशी त्यांचं काहीतरी बिनसलेलं होतं. समोरच्या गाडीला ब्रेक जरा उशिरा लागत होता. एक खड्डा तर त्यांनी असा घेतला की माझं डोकं टपाला लागलं. आणि तोंडाचा पट्टा सुरू. "ह्या बाजूला विजेचे खांब कुणी रवलेत गं? एक सरळ न्हाय. मधीच वाकलेत समदे. मापात काम करायचं नावच न्हाय." मी बघितलं, मला खांब सरळच दिसले. मी म्हटलं, ह्यांना आता खांबांचीही तपासणी करायचीय. आणि डोळे मिटून घेतले. मला झोप हवी होती, बाकी काही नाही.

वर पोचलो तर सगळं वेगळंच. धुकं, पाय घसरतील असा चिखल, अंगावरचे कपडे दमट. गाव वाटच बघत होतं. लक्ष्मण म्हणाला, "डुक्कर घळीत बसलंय आप्पा. पोरं हाकायला तयार हायत. तुम्ही फक्त वाटेवर उभं राहा."

"आदी कागद," आप्पा म्हणाले.

"आवो, आवाजानं पळंल की ते!"

"पळू दे. पिकासाठी परत यील. सोलापूरच्या सुक्या उन्हातनं बंदूक हितं आणलीय मी, वल्ल्यात. हिच्या मनात काय हाय ते मला कळाया नको? चुकून लागली आन् जखमी हून तुज्याच भातात बसलं, तर भात कापाया कोण जाणार? तू जाशील?"

लक्ष्मणानं दात खाऊन पोरांना थांबायची खूण केली. वनरक्षकानं मागं चांगला बांध असलेलं एक मोकळं खाचर दाखवलं. मी पत्रिका लावली. आप्पा पोत्यामागं आडवे झाले. एरवी सतत हलणारा हा माणूस रायफलीमागं आडवा झाला की दगडासारखा व्हायचा. त्या दिवशी मात्र ते सारखे गाल उचलत होते, डोळा पुसत होते, पुन्हा गाल टेकवत होते.

तीन गोळ्या झाल्या. मी पत्रिकेपाशी गेले. एक भोक गोलाच्या खाली उजवीकडं, एक वर डावीकडच्या कोपऱ्यात. तिसरं पत्रिकेवर नव्हतंच.

"दस्ता फुगला असंल," आप्पा म्हणाले. दस्ता म्हणजे रायफलीचं लाकूड. त्यांनी स्क्रू आवळले, नळी कोरड्या फडक्यानं पुसली. काडतुसं उन्हात तापली असतील म्हणून दुसरी, डब्याच्या तळातली घेतली. पुन्हा तीन. पुन्हा तसंच, उधळलेलं. हाकायला आलेली पोरं आता एकमेकांना कोपरानं ढोसत होती. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पाव्हणं दिवाळीचं फटाकडं वाजवाया आल्यात जणू." मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

आप्पांनी पिशवीतून छोटी पितळी हातोडी काढली. माशी ठोकून सरकवायला ती असायची. त्यांनी ती माशीवर धरली. मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. गोळ्या एका जागी पडल्याच नव्हत्या, मग माशी सरकवायची कुठं? हातोडी तशीच धरून ते बराच वेळ बसले. मग ती खाली ठेवून म्हणाले, "वैशाली, तू झोप हितं."

मी पोत्यामागं आडवी झाले. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, की आपणही थोडं इकडं तिकडं मारावं. मग म्हणता येईल, रायफलच बिघडलीय, प्रवासात हिसका बसला. कुणाला काय कळणार होतं? आप्पा माझ्या कानाशी वाकले.

"नीट मार. माज्यावर दया करून चुकलीस, तर मला कळंल. आन् मग मी तुज्याशी जन्मात बोलणार न्हाय."

मी नीट मारल्या.

आप्पा माझ्याबरोबर पत्रिकेपर्यंत चालत आले. तिन्ही भोकं काळ्या गोलात, एकमेकांना चिकटून. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पत्रिका नाकापाशी नेली. मग बोट फिरवून ती भोकं चाचपून बघितली. एकदा, परत एकदा. ते शांतपणे गावकऱ्यांकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बंदूक बरोबर हाय. मी न्हाय."

लक्ष्मणाचा संयम सुटला. "म्हंजे? एवढ्या लांबनं येऊन आता माघारी जाणार? माझी आई तिकडं टाके घालून पडलीय! ह्या वैनी मारतात की चांगल्या, त्यांना उभं करा!"

वनरक्षक म्हणाला की परवानगी आप्पांच्या नावावर आहे, दुसऱ्या कुणाला चालणार नाही. पण आप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. "तसा कागद असता तरी मी न्हाय म्हटलं असतं. ती पत्रिका मारती. धावतं जनावर तिनं मारलेलं न्हाय. माजा डोळा गेला म्हणून तिच्या खांद्यावर मी हे टाकणार न्हाय." मला सुटल्यासारखं झालं, आणि तसं वाटल्याबद्दल लक्ष्मणाकडं बघायचं धाडस झालं नाही. तो बिचारा खोटं काय बोलत होता?

आप्पांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याकडं दिला. "त्या निकमाला लाव."

"कुणाला?"

"दुर्बीणवाल्याला गं. लाव की."

मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. "निकम, मी सोलापूरचा आप्पा बोलतोय. तुमची दुर्बीण घिऊन या. वनखात्याशी मी बोलतो, कागद तुमच्या नावावर करून घिऊ." पलीकडून तो काहीतरी विचारत होता. "हाय, मी हाय हितंच. पण मी नापास झालोय. या तुमी."

परवानगीचा कागद बदलून निकम दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर आप्पा तिथून हलले नाहीत. शेताच्या बांधाबांधानं फिरून डुकराच्या येण्याजाण्याच्या वाटा त्यांनी लक्ष्मणाकडून समजून घेतल्या आणि निकमाला समजावून दिल्या. शेवटी म्हणाले, "सगळं खरं, पण साताऱ्यातनं हितं वर आलाय. आदी कागद." मला वाटलं, आता हा उलटून बोलणार. पण निकमानं मुकाट्यानं पोतं आडवं टाकलं. पुढं दोन-तीन दिवसांत डुक्कर पडलं, असा लक्ष्मणाचाच फोन आला. त्याची आई घरी आली होती. त्यानं आप्पांची चौकशी केली, पण राग गेला होता की नाही, मला सांगता येणार नाही.

आम्ही निकम आला त्याच दुपारी निघालो. गाडीपाशी आप्पांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "घाट हाय. तू चालव." मी गाडी काढली. मनात म्हटलं, हातातली बंदूक कायमची सुटली, म्हातारा खचलाय, आता काय बोलायचं? घाट उतरलो, फलटणच्या अलीकडं चहाला थांबलो. चहा तसाच निवत होता आणि आप्पा टपरीसमोर फेऱ्या मारत होते. अचानक थांबून त्यांनी विचारलं, "वैशाली, ओवीला शाळेत कोण सोडतं?"

ओवी माझी मुलगी, तेव्हा दुसरीत होती.

"कोण म्हणजे? तुम्हीच की," मी म्हटलं.

"स्कूटरवरनं."

"हो. स्कूटरवरनंच."

"जूनपास्नं," आप्पा म्हणाले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. विजापूर रोड, तिथले ट्रक, सकाळची रिक्षांची गर्दी, आणि ह्या माणसापुढं स्कूटरवर उभी माझी पोरगी. मी टपरीवरच्या माणसांसमोर आप्पांवर ओरडले. असं त्यांच्यावर आधी कधी ओरडले नव्हते, नंतरही नाही. "तुम्हाला कळत नव्हतं? खांब वाकडे दिसत होते ना तुम्हाला? खांब वाकतात का हो सगळेच्या सगळे? मला सांगायचं नाही? माझी एकुलती एक पोर आहे ती!" आणखीही बरंच बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आप्पा ऐकत उभे होते. मधे एकदा फक्त म्हणाले, "वरड. हितंच वरडून घे. घरी तिच्यासमोर नको." मी थकून गप्प झाल्यावर ते म्हणाले, "दर गावात बंदूक तपासली गं मी. पोरगी पुढं उभी करताना एकदा बी..." त्यांचा चेहरा इतका पडला होता, की माझा राग तिथंच अर्धा विरला आणि उरलेल्याचं काय करावं ते मला समजेना. त्यांनी पुन्हा फोन माझ्यापुढं धरला. "आपल्या गल्लीतनं शाळेला रिक्षा जाती, त्या इस्माईलला लाव." मी लावला. "इस्माईल, सोमवारपास्नं आमची ओवी घे रिक्षात. व्हय, रोज. न्हाय, मी सोडत न्हाय आता."

पुढं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की डोळ्याच्या मधल्या भागाचं दिसणं जात चाललं होतं, उजव्याचं जास्त, डाव्याचंही सुरू झालेलं. कडेचं दिसतं, नेमकं समोरचंच जातं. सरळ रेषा त्यामुळेच वाकड्या दिसतात. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायला इंजेक्शनं घ्यायची. आप्पांनी रायफल स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली. तिथून आले ते तडक स्कूटरची किल्ली प्रकाशच्या हातात देऊन गच्चीवर गेले आणि अंधार पडेपर्यंत खाली आले नाहीत.

पण ते सगळं नंतरचं. त्याआधी सोमवार उजाडला. इस्माईलची रिक्षा दारात आली, आत चार-पाच पोरं कोंबलेली. ओवी दप्तर घेऊन आप्पांच्या हाताला लोंबकळत होती. "आजोबा, मला रिक्षा नको. तुम्ही का नाही सोडणार?"

"आजोबाचा डोळा नापास झालाय बाळा."

"मग परत परीक्षा द्या."

"दीन की. तवर ह्यात बस."

तिला बसवायच्या आधी आप्पांनी रिक्षाचे ब्रेक दाबायला लावले, चाकांना लाथा मारून बघितल्या. मग रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि तिथून हात वर करून ओरडले, "इस्माईल, बोटं किती?"

पोरं खिदळायला लागली. इस्माईल कपाळावर हात मारून हसला. "तीन आप्पा, तीन! अब तुम बोलो, मेरे कितने?" आणि त्यानंही हात वर केला.

आप्पांनी रस्त्यापलीकडून बराच वेळ बघितलं. मान जरा डावीकडं केली, उजवीकडं केली. "मला इचारू नको," ते म्हणाले, "तू पास हायस. जा, उशीर हुतोय."

रिक्षा निघाली. वळणावर ओवीनं बाहेर अर्धी वाकून हात हलवायला सुरुवात केली. आप्पा रस्त्याच्या कडेला तिकडंच तोंड करून उभे होते. मी बघत राहिले. तरी त्यांचा हात वर होईना.

मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेले. म्हणाले, "आप्पा, ओवी हात हलवतेय."

"व्हय का?" ते म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.